गेट, सेट, गो! दारातल्या दोन दणकट खांबांच्या भन्नाट गोष्टी

घर बांधून होतं, रंग लागतो, वास्तुशांत उरकते, जेवणावळी उठतात. आणि मग घरमालकाच्या डोक्यात किडा वळवळतो, 'गेट कसं वाड्यासारखं पाहिजे!' झालं. दोन जाडजूड खांब, वर कलश, जमलं तर सिंह, गेला बाजार हत्ती तरी. मेव्हणा मोबाइलवर डिझाइनं दाखवतो, मिस्त्री 'होऊन जाईल साहेब' म्हणतो आणि बजेट कुंपणावरून उडी मारून पसार होतं.

पहिली कुदळ मारण्याआधी जरा इकडे लक्ष द्या. खांब ही भारी चीज आहे. आणि भारी म्हणजे खरोखरच भारी!

माहीत आहे का, २ फूट बाय २ फूट जाडीचा आणि ८ फूट उंचीचा भरीव काँक्रीटचा एक खांब किती किलो भरतो? २१०० किलोंच्याही वर! तीन मारुती ८०० एकावर एक रचा, वर घरमालकाला बसवा, तरी काटा खांबाकडेच झुकेल. जोडीचा हिशेब सव्वाचार टनांच्या पुढे, आणि यात पाया धरलेलाच नाही.

एवढा ऐवज काळ्या मातीवर नुसता उभा केला तर? ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. दोन्ही खांब एकाच दिशेला कलले असते तर कोणाला कळलंही नसतं. पण ते कधीच एकमतानं कलत नाहीत! एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि मधल्या गेटची कडी कोयंड्यात जायला तयार नाही. म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदा. नुसत्या विटेवर उभं राहण्याचा मान पंढरपूरच्या विठुरायाचा. तुमच्या खांबाला खाली जाळी आणि काँक्रीट लागणारच.

खांबाचा खरा व्हिलन कोण?

वजन? चूक! खांबाला वजनाची फारशी फिकीर नसते. त्याला छळतं ते गेटचं ओढणं.

हा हिशेब बघा, शाळेतल्या तरफेचाच आहे. ६ फूट रुंदीची आणि १५० किलोची एक झडप घ्या. दोन बिजागऱ्यांमध्ये अंतर ४ फूट. आता वरची बिजागरी खांबाला आडवी खेचते तब्बल ११२ किलोंच्या जोरानं, तेही दिवसरात्र, सुट्टी न घेता! खालची बिजागरी तेवढ्याच जोरानं खांबाला ढकलते. त्यात शेजारचा ३० किलोचा बंड्या झडपेच्या टोकाला लटकून झोका घेऊ लागला की आणखी ४५ किलो. बंड्याला ओरडू नका, बिजागऱ्यांमधलं अंतर वाढवा. ४ फुटांचं ६ केलं की ११२ चे ७५ होतात. एक रुपया जादा खर्च नाही!

नुसत्या विटांचा खांब इथेच मार खातो. वीट दाबाला वाघ, ताणाला शेळी. म्हणून जाणता मिस्त्री आत सळया आणि रिंगांचा काँक्रीटचा गाभा उभा करतो, बाहेरून विटा नाहीतर घडीव दगडांचं जाकीट चढवतो. बाहेर पेशवाई, आत आरसीसी! बिजागरीचं लोखंड मात्र गाभ्यातल्या सळयांशी जोडलेलं हवं. नुसत्या जाकिटात ठोकलेली बिजागरी जाकिटासकट बाहेर येते.

कुंडीवाला आणि गवंडी

माहीत आहे का, हे सळईवालं काँक्रीट मार्गी लावण्यात एका माळीबुवांचा मोठा हात आहे? फ्रान्सचे जोसेफ मोन्ये हे बागकाम करणारे गृहस्थ. मातीच्या कुंड्या फुटायच्या, लाकडी कुजायच्या. वैतागून त्यांनी सिमेंटमध्ये लोखंडी जाळी घातली आणि १८६७ साली त्याचं पेटंटही घेतलं. पुढे त्यातून पूल आले, टाक्या आल्या. तुम्ही खांबाच्या डोक्यावर कुंडी ठेवता ना? म्हणजे गाडी पुन्हा मूळ पदावर!

आणि सिमेंट? पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४ साली घेतलं इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन यांनी. व्यवसाय? गवंडी! तेव्हा मिस्त्रीला कमी लेखू नका.

लोखंड आणि काँक्रीट हे लग्न टिकलं कसं, हाही भारी किस्सा आहे. उन्हात तापल्यावर दोघंही जवळपास सारखंच प्रसरण पावतात. हे प्रमाण वेगळं असतं तर प्रत्येक मे महिन्यात सळई एकीकडे, काँक्रीट दुसरीकडे आणि प्रकरण फॅमिली कोर्टात. निसर्गानंच पत्रिका जुळवून ठेवली होती, ३६ गुणांनी!

या संसारात सवत फक्त एक, गंज. गंजलेलं लोखंड फुगून मूळच्या दुपटीहून जास्त जागा मागतं आणि काँक्रीटचे पापुद्रे काढतं. म्हणून सळईभोवती सगळ्या बाजूंनी ४० मिलिमीटर काँक्रीटचं पांघरूण हवं. त्यासाठी कव्हर ब्लॉक मिळतात, अगदी स्वस्तात. साइटवर मात्र त्याऐवजी खडीचा तुकडा नाहीतर विटेचं कांडकं खुपसलेलं दिसेल. दिसलं की काढायला लावा!

राजा आला, पुठ्ठा पाहून गेला

आता थोडं पर्यटन. मुंबईचं 'गेटवे ऑफ इंडिया' पंचम जॉर्जच्या १९११ मधल्या भेटीची आठवण म्हणून उभं राहिलं, हे सगळ्यांना ठाऊक. पण माहीत आहे का, बादशहा प्रत्यक्ष आले तेव्हा त्यांना दिसलं ते फक्त पुठ्ठ्याचं मॉडेल! जॉर्ज विटेट यांच्या आराखड्यातली खरी कमान खुली झाली ४ डिसेंबर १९२४ ला. तेरा वर्षं लेट! २६ मीटर उंचीची ही कमान पिवळसर बेसॉल्ट आणि सळईच्या काँक्रीटची आहे. म्हणजे 'बाहेर दगड, आत आरसीसी' ही युक्ती आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीची नाही, फार वरून आली आहे. आणि ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी फेब्रुवारी १९४८ मध्ये परत गेली तीही याच कमानीखालून. वेलकम गेटचं एक्झिट गेट झालं!

पण पुठ्ठ्यावरून मुंबईला हसू नका. पॅरिसच्या 'आर्क द त्रिओंफ'चं काम १८०६ मध्ये सुरू झालं, नुसत्या पायातच दोन वर्षं गेली. १८१० मध्ये नेपोलियन नवी नवरी मारी लुईझला घेऊन पॅरिसमध्ये यायचा होता आणि कमान तर जेमतेम जमिनीच्या वर! मग लाकूड आणि कापडाची पूर्ण उंचीची खोटी कमान रातोरात म्हणावी अशा घाईनं उभारली. खरी पुरी झाली १८३६ मध्ये. तोवर नेपोलियन जाऊन पंधरा वर्षं लोटली होती. कॉन्ट्रॅक्टर 'पुढच्या आठवड्यात' म्हणाला की हे आठवा, बीपी नॉर्मलला येईल.

याच कमानीतून १९१९ मध्ये शार्ल गोदफ्रॉय या वैमानिकानं चक्क विमान आरपार नेलं! कमानीची रुंदी साडेचौदा मीटरच्या आसपास, विमानाचे पंख सुमारे आठ मीटर. दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर मोकळे. आणि आपल्याकडे? फॉर्च्युनर आरशांशिवाय १.८५५ मीटर रुंद आणि गेट ठेवलंय आठ फुटांचं, समोर गल्ली बारा फुटांची. वळून आत घेताना रोज एक चरा. तेव्हा आधी गाडी मोजा, गल्ली मोजा, मग खांब आखा.

गाडीच्या चाकाचा त्रास जुनाच बरं का! पॅरिस-लंडनमध्ये जुन्या दरवाजांच्या पायथ्याशी दोन्ही कोपऱ्यांत बुटके, तिरके दगड दिसतात. घोडागाडीचं चाक खांबाला घासण्याआधी या दगडाला लागून बाजूला घसरायचं. आयडिया आजही फुकट आहे, उचला!

सोळा हजारात अख्खा वाडा

पुणेकरांनो, छाती फुगवून घ्या. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली, वार शनिवार. वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला, वार पुन्हा शनिवार. मूळ बांधकामाचा खर्च सांगितला जातो १६,११० रुपये! आज एवढ्यात नक्षीच्या दोन खांबांचा दगडही घरी येणार नाही.

दिल्ली दरवाजासमोर उभे राहा आणि नीट बघा. अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढा हा दरवाजा, पण शत्रूचा हत्ती जाऊ नये म्हणून झडपांवर ७२ अणकुचीदार खिळे. तेही कुठेही ठोकलेले नाहीत, बरोबर हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर! रोजच्या ये-जासाठी त्याच झडपेत एक छोटा दिंडी दरवाजा, जिथे येणाऱ्याला वाकावंच लागतं. सिक्युरिटी चेकही झाला, मुजराही झाला. १८२८ च्या आगीत आतला लाकडी डोलारा खाक झाला. दगडी तट आणि दरवाजे मात्र अजून उभे.

रायगडाचा महादरवाजा आणखी हुशार. दोन प्रचंड बुरूज असे वळवले आहेत की त्यांच्या कुशीत शिरेपर्यंत दरवाजा दिसतच नाही. ही गोमुखी रचना. हत्तीला धावत येऊन धडक द्यायला सरळ जागाच मिळत नाही, तोफेलाही नेम नाही. सिंधुदुर्गाचं दारही असंच लपलेलं.

आणि बालीतल्या घरांत? तिथे दार सरळ दिसतं, पण आत पाऊल टाकताच समोर आडवी भिंत! तिला म्हणतात 'आलिंग-आलिंग'. बाली बेटावरच्या समजुतीप्रमाणे भुतं फक्त सरळ रेषेत चालतात, त्यांना वळता येत नाही. भिंतीला धडकून परत! पाहुणे मात्र वळून आत येतात, त्यावर इलाज त्यांनाही सापडलेला नाही.

लंडनची वेस, बायकोचा हट्ट

आता या सगळ्या यादीतला माझा लाडका किस्सा. घरच्या गेटसाठी माणूस किती लांब जाऊ शकतो? थेट राजधानीची वेस विकत घेण्यापर्यंत!

लंडन शहराच्या हद्दीवर 'टेम्पल बार' नावाची दगडी वेस होती, सतराव्या शतकातली. ती क्रिस्टोफर रेनच्या नावावर सांगतात, तोच तो सेंट पॉल्स कॅथीड्रलवाला. एकेकाळी या वेशीवर राजद्रोह्यांची मुंडकी खांबांवर टांगायचे. आपल्याकडे अब्रू वेशीवर टांगतात, त्यांच्याकडे थेट डोकं! पुढे रहदारी वाढली, ट्रॅफिक जॅम होऊ लागला आणि १८७८ मध्ये वेस उतरवली. एकेका दगडावर नंबर टाकून ढीग रचून ठेवला.

तिथे एंट्री लेडी म्यूझ यांची. नवरा सर हेन्री म्यूझ बिअरच्या कारखान्याचा मालक, बाईसाहेब बँजो वाजवणाऱ्या आणि भलत्याच हौशी. त्यांच्या आग्रहावरून नवऱ्यानं तो अख्खा दगडांचा ढीग उचलला आणि लंडनबाहेरच्या आपल्या 'थिओबाल्ड्स पार्क' बंगल्याचं गेट म्हणून जसाच्या तसा पुन्हा बांधला! वेशीवरच्या खोलीत बाईसाहेब पाहुण्यांना बोलावून मैफली रंगवत. शंभराहून जास्त वर्षं ही वेस रानात राहिली आणि २००४ मध्ये लंडनला, सेंट पॉल्सच्या शेजारी, परत आली. बायकोनं ग्रॅनाइटच्या दोन खांबांचा हट्ट धरला म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

पाया नाही, तरी उभा!

जपानच्या इत्सुकुशिमा मंदिराचं समुद्रातलं लालभडक तोरी-द्वार फोटोत पाहिलं असेलच. उंची सुमारे १६ मीटर, कापराच्या झाडाचे अवाढव्य खांब, आजचं द्वार १८७५ सालचं. माहीत आहे का, हे खांब जमिनीत गाडलेलेच नाहीत! खाली चिखलात लाकडी खुंटांची दाट गादी, तिच्यावर द्वार नुसतं ठेवलेलं. वरच्या आडव्या तुळईत पोकळी करून त्यात दगड भरले आहेत आणि त्या भारानंच सगळं जागच्या जागी. भरती येते, ओहोटी जाते, हे आपलं उभं.

हे वाचून पाया वाचवायला निघालात? थांबा! त्या द्वाराला झडप नाही, बिजागरी नाही आणि बंड्याही नाही.

गुजरातमधलं वडनगरचं कीर्तितोरणही असंच टिकलं, सुमारे ४० फूट उंच आणि सांध्यात चुना-बिना काही नाही.

सांचीच्या तोरणांवर तर आपला हक्कच सांगायला हवा. दगड असा घडवलाय की जोड लाकूडकामाचे वाटावेत. दक्षिण तोरणावरचे दोन लेख भारी आहेत. एकात विदिशेच्या हस्तिदंती कारागिरांनी कोरीव काम केल्याची नोंद. दुसऱ्यात सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याच्या दानाची. सातकर्णी म्हणजे सातवाहन, म्हणजे आपल्या पैठणचं घराणं! दोन हजार वर्षांपूर्वीच्या फोरमनचं नाव आजही वाचता येतं. आपल्या मिस्त्रीचं नाव मात्र गेटवर कुठेच नसतं, पाटीवर फक्त 'कुत्र्यापासून सावध'.

बाबिलोनच्या राजा नेबुकॅडनेझरनं तर आपलं नाव विटांवरच उमटवलं. त्याच्या इश्तार दरवाजाची बर्लिनमध्ये पुन्हा उभारणी झाली आहे. आपल्या भट्टीच्या विटेवरही अक्षरं असतातच की! ती ज्या खळग्यात असतात तो खळगा बांधताना वर ठेवायचा. त्यात माल भरला की वरची वीट घट्ट धरते. बघा एकदा, तुमच्या साइटवर विटा सुलट्या लावल्यात की उलट्या.

डोक्यावर कोण बसणार?

सिंह! ही फॅशन निदान सव्वातीन हजार वर्षं जुनी. ग्रीसमधल्या मायसीनीच्या दरवाजावर समोरासमोर दोन सिंह आहेत. शरीरं शाबूत, डोकी गायब. गोव्यात जुन्या घरांच्या गेटच्या खांबांवर सिंह रुबाबात बसलेले दिसतात, आणि छपरावर कोंबडा नाहीतर सलाम ठोकणारा शिपाई. घर छोटं असलं तरी स्टाफ पूर्ण!

इंग्लंडात मान अननसाचा. अठराव्या शतकात तिथे अननस एवढा महाग होता की पार्टीत मिरवायला तो भाड्यानं आणत, खात नसत. मग श्रीमंतांनी गेटच्या खांबांवर दगडी अननस बसवले. कायमचे, आणि भाडंही नाही. असे दागिने रेडिमेडही मिळायचे. लंडनमध्ये १७६९ पासून एलिनॉर कोड या बाईंनी कृत्रिम दगडाचा कारखाना चालवला. साच्यातून काढायचं, भट्टीत भाजायचं, घरपोच! वेस्टमिन्स्टर पुलाजवळचा १८३७ चा सिंह याच 'कोड स्टोन'चा.

तुम्ही वर काहीही बसवा, पण त्याखालची टोपी खांबापेक्षा दोन-तीन इंच बाहेर हवी आणि तिच्या पोटाला एक बारीक खाच हवी. पाणी खाचेपाशी टपकतं, खांबावरून ओघळत नाही. ही खाच नसेल तर पहिल्याच पावसाळ्यात सिंहाखाली काळे ओघळ.

भांग, भात आणि गोणपाट

जुन्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत, हे आजोबांनी सांगितलं असेल. पण वेरूळच्या गिलाव्यात भांगेची झाडं मिसळलेली आढळली, हे सांगितलं का? २०१६ मध्ये तसा अभ्यास प्रसिद्ध झालाय. माती आणि चुन्यात भांगेचे तंतू. लेणी मात्र आजही शुद्धीवर! चीनमध्ये मिंग काळात चुन्यात चिकट भाताची पेज घालून तट बांधले.

आपल्याकडे आता पोतं फोडायचं, पाणी घालायचं, विषय संपला. संपला? नाही हो! काँक्रीट वाळून घट्ट होतंच नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेनं ते घट्ट होतं, म्हणून पाण्याखालीही छान जमतं. खांबाला पाणी मारणं हा उपकार नाही, खुराक आहे. आज बाजारात मिळणारं बहुतेक सिमेंट राखमिश्रित असतं. त्याला निदान १० दिवस ओलावा हवा. खांब उभा, पाणी खाली, म्हणून गोणपाट गुंडाळा आणि ते ओलं ठेवा.

मिस्त्री ओळंबा लावतो तेव्हा जवळ जाऊन बघा. वरचा ठोकळा आणि खालचा लंबक यांची रुंदी अगदी सारखी असते. ठोकळा खांबाला टेकवायचा, लंबक खाली सोडायचा. तो खांबाला जेमतेम शिवला तर खांब सरळ. मध्ये फट राहिली किंवा लंबक खांबावर रेलला, तर गडबड. एकाच बाजूनं नाही, शेजारच्या दोन बाजूंनी तपासायला सांगा.

दोन वेडे, ३३ वर्षं

घरच्या घरी, एकट्यानं बांधणाऱ्यांचे दोन बादशहा. फ्रान्सचा पोस्टमन फर्दिनां शवाल यानं टपाल वाटताना गोळा केलेल्या दगडांतून महाल बांधला, १८७९ ते १९१२. लॉस एंजलिसच्या सायमन रोडियानं सळया, जाळी, सिमेंट आणि फुटक्या बश्यांचे मनोरे उभारले, १९२१ ते १९५४. वजाबाकी करा. दोघांनाही ३३ वर्षं! रोडियाचे मनोरे धोकादायक ठरवून पाडायचं घाटत होतं, म्हणून १९५९ मध्ये ते खेचून चाचणी घेतली. मनोरे जेमतेम हलले, खेचणारं यंत्रच हार मानून बसलं.

आणि या सगळ्या खटाटोपाला खो घालणारं गाव आपल्याच महाराष्ट्रात. शनिशिंगणापूर! चौकट आहे, दार नाही. २०११ मध्ये तिथे युको बँकेनं कुलूप नसलेली शाखा उघडली. गेटचं बजेट शून्य, झडपेचं ओढणं शून्य.

तुम्ही शिंगणापूरचे नसाल तर तीन कामं विसरू नका. खोदाईआधी ग्रामपंचायत किंवा महापालिकेत कुंपणाची उंची आणि रस्त्याची हद्द विचारून घ्या, आणि गेट रस्त्यावर न उघडता आतल्या बाजूला उघडेल असं आखा. आणि काँक्रीट ओतण्याआधी दोन्ही खांबांच्या गाभ्यातून आणि गेटखालून एक-एक पीव्हीसी पाइप टाकून ठेवा. दिवा, बेल, कॅमेरा, उद्याची गेटची मोटर, सगळ्यांच्या वायरी त्यातून जातील. हा पाइप पेशव्यांना लागला नव्हता, तुम्हाला लागणार आहे.